कर्णिक बाईंची वहिवाट

कर्णिक बाईंच्या शोकसभेत मला "दोन शब्द बोला" असं सांगण्यात आलं आणि मी खरोखरच दोन बोललो. "बाई गेल्या." एवढं म्हणून खाली बसलो. लोकांना वाटलं, गलबललाय बिचारा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी खांद्यावर हात ठेवला, कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मी गलबललो वगैरे नव्हतो. माझ्याआधी जे बोलून गेले त्यांनी बाईंना मृदुभाषी, तपस्वी आणि शांत ठरवून टाकलं होतं. कर्णिक बाई मृदुभाषी असतील तर मी उंट आहे. पण हे माइकवर म्हणायची माझी हिंमत नव्हती. मी आयुष्यात बहुतेक ठिकाणी गप्पच बसलोय. एकदा बोललो, तिथे गप्प बसायला हवं होतं.

बाई आम्हाला पनवेलच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. हातात खडूपेक्षा छत्री जास्त. छत्रीच्या टोकाने नकाशावर नद्या दाखवायच्या आणि त्याच टोकाने बाकावर झोपलेली मुलं जागी करायच्या. सगळ्यांना आडनावाने हाक. "चौलकर, ब्रिटनच्या पश्चिमेला पाऊस जास्त का?" मी उभा राहून खिडकीबाहेर बघायचो. "बस मेल्या. तुझ्या डोक्यावर पर्जन्यछायेचा प्रदेश आहे." हे माझं वर्णन वर्गाला इतकं पटलं, की दहावी होईपर्यंत मला 'पर्जन्यछाया' म्हणूनच ओळखत.

लग्न त्यांनी केलं नाही. भावाच्या घरी राहिल्या, आणि निवृत्त झाल्यावर नवीन पनवेलमध्ये आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर घेऊन आल्या. म्हणजे चाळिशीला आलेला मी पुन्हा त्यांच्या वर्गात. जिन्यात त्यांची चाहूल लागली की शर्ट खोचायचो. माझी बायको हसायची. माझ्या मुलीला वाटायचं बाबा नाटक करतोय.

त्यांना एक खोड होती. दिवसाला मार्क द्यायच्या. गॅलरीत उभ्या राहून आभाळाकडे बघणार आणि खालून जाणाऱ्या माणसाला सांगणार, "आजची सकाळ पस्तीस. काठावर पास." एखाद्या मे महिन्यातल्या दुपारी नुसतंच "कॉपी केलीय कालची." आणि थंडीतल्या एखाद्या स्वच्छ दिवशी, फार नाइलाजाने, "बासष्ट."

निवृत्तीनंतर त्या इंग्लंडला गेल्या. भाची माधवी तिकडे एका खेड्यात राहायची, तिला बाळ झालं होतं. खेड्याचं नाव बाई एका दमात घ्यायच्या आणि लगेच स्वतःच चिडायच्या: "लिहायचं एवढं लांब आणि म्हणायचं एवढंच. अर्धी अक्षरं नुसती पगार खातात." व्हिसा सहा-सहा महिन्यांचा. पहिल्या खेपेला वसंत आणि उन्हाळा, दुसऱ्या खेपेला पानगळ आणि हिवाळा, असा त्यांनी वर्षाचा संच पूर्ण केला.

जाताना उरणजवळच्या करंजा गावचे सोडे नेले होते. सुकवलेली सोललेली कोळंबी. आम्हा कोकणातल्या लोकांना तिचा वास म्हणजे घर, इतरांना तो वास म्हणजे महापालिकेला फोन. पहिल्याच आठवड्यात बाईंनी सोड्याची खिचडी टाकली. अर्ध्या तासात दारावर शेजारची डोरोथी. ऐंशीच्या घरातली, दोन काठ्यांवर चालणारी. अतिशय अदबीने म्हणाली, तुमचं गटार तुंबलंय असं वाटतं, प्लंबरचा नंबर देऊ का? बाईंनी तिला आत घेतलं, खुर्चीवर बसवलं आणि तुंबलेल्या गटाराची एक वाटी तिच्यापुढे ठेवली. डोरोथीने दोनदा मागून घेतली. जाताना विचारलं, "गुरुवारी चालायला येता का?"

ही डोरोथी बाईंची गुरू. गुरुवारी गावातली सहा-सात म्हातारी माणसं शेतांमधून चालायला जात. इकडे लोक चालतात ते साखर कमी करायला. ही मंडळी चालायची आणि शेवटी केक खायची. बाईंना हे शास्त्र फार आवडलं.

परत आल्यावर सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांचं भाषण ठेवलं. फळ्यावर लिहिलं होतं 'माझी इंग्लंडवारी'. लोक राजवाडा, घड्याळ, पूल ऐकायला आले होते. पहिल्याच ओळीतल्या एका काकांनी विचारलं, लंडन कसं वाटलं? "विमानतळ पाहिला," बाई म्हणाल्या, "आपल्या एसटी स्टँडसारखाच, फक्त शेंगदाणे विकणारे नाहीत." आणि मग तासभर चिखलावर बोलल्या.

वसंतात झाडांखाली निळी फुलं इतकी येतात, की कुणाच्या तरी हातून रांगोळीचं पोतं फुटलंय असं वाटतं. कोकरांच्या पाठीवर रंगाने आकडे घातलेले असतात. आईच्या पाठीवर तोच आकडा. "आपल्या शाळेत ही सोय असती तर पालकसभेला माझे किती कष्ट वाचले असते." उन्हाळ्यात वाटेच्या कडेला एक झुडूप वाढतं, हात लागला की खाजकुयलीची मावशी. रात्री दहाला उजेड, त्यामुळे जेवावं की चहा घ्यावा कळत नाही. पानगळीत वाटेवरच्या काटेरी जाळीतली काळी फळं तोडून सगळे खातात. बोटं, ओठ जांभळे, वकील असो की पाद्री. "आपली करवंदंच. त्यांना फक्त चीक नाही आणि चव नाही." आणि हिवाळा? चार वाजता अंधार, गुडघ्यापर्यंत चिखल, तोही थंड. "हिवाळा नापास. पण हजेरी शंभर टक्के."

शेवटी त्यांनी गव्हाची गोष्ट सांगितली. तिकडे शेतांमधून जुन्या पायवाटा असतात. शेत मालकाचं, वाट सगळ्यांची. तुम्ही कुणाच्याही शेतातून, कुरणातून, अगदी परसातून त्या वाटेने जाऊ शकता, कोणी अडवत नाही. एकदा एका शेतकऱ्याने वाटेवरही गहू पेरला. गुरुवारची दिंडी तिथे पोचली तर समोर कमरेइतकं हिरवं पीक. बाई म्हणाल्या, चला, वळून जाऊ. डोरोथी म्हणाली, वाट इथेच आहे. आणि दोन काठ्या टेकत सरळ पिकात शिरली. मागोमाग सगळी म्हातारी मंडळी, एका रांगेत, पीक तुडवत.

"माझा पाय उचलेना," बाई म्हणाल्या. "अन्नावर पाय! मी प्रत्येक पावलाला मनात नमस्कार करत होते. गव्हाला वाटलं असेल आरती चाललीय." पलीकडे तो शेतकरी उभा. बाईंना वाटलं, आता कोयता. त्याने टोपी काढली आणि म्हणाला, काय सुंदर सकाळ आहे! डोरोथी म्हणाली, खरंच! संपलं. बाईंनी छत्री टेबलावर आपटली. "आपल्याकडे ऋतू आहेत. सहा आहेत. दोन जास्तीचेच. आपल्याकडे वाट नाही."

काकांनी आभार मानताना 'बाईंनी राणीच्या देशाचं मनोहारी दर्शन घडवलं' असं म्हटलं. बाई मोठ्याने म्हणाल्या, "ऐकत नव्हता का हो तुम्ही?"

पुढच्या रविवारी पहाटे आमची बेल वाजली. दारात बाई, सलवार-कमीजवर गमबूट घातलेल्या. "चौलकर, चल."

"कुठे, बाई?"

"परत यायला."

तेव्हापासून वर्षानुवर्षं प्रत्येक रविवारी ती बेल वाजली. आमच्याबरोबर नजीरभाई यायचे. जुन्या पनवेलमध्ये त्यांचं सायकलचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं होतं. आमच्या शेवटच्या सेक्टरच्या मागे भाताची शेतं सुरू व्हायची, आणि त्यांच्या बांधावरून एक वाट गाढी नदीपर्यंत जायची. पूर्वी गावातले लोक म्हशी धुवायला आणि गणपती पोचवायला तिथूनच नदीला जात. पाइपचं पाणी आलं, गणपती टेम्पोने जायला लागले, वाट उरली बांधापुरती.

शेत बळीराम भोईरचं. पहिल्याच रविवारी तो लुंगी सावरत आला.

"ओ बाय! ह्ये शेत हाय."

"दिसतंय."

"माजा हाय."

"असेल. मी कुठे घेऊन चाललेय?"

बळीराम गोंधळला. "रस्ता तिकरून हाय ना, डांबरी."

"तो वाहनांना. मला चाकं नाहीत." आणि बाई पुढे. नजीरभाई मागे वळून बळीरामला "सलाम, सलाम" करत. मी मान खाली घालून.

पण बळीराम माणूस भला. दोन-तीन आठवड्यांत तो आमची वाट बघायला लागला. भादव्यात बांधावरचे मुठे, म्हणजे छोटे खेकडे, कसे पकडायचे ते त्याने बाईंना दाखवलं आणि बाईंनी पहिल्याच खेपेला त्याच्यापेक्षा जास्त पकडले. कापणीनंतर ओलीवर वाल पेरलेला असायचा. जानेवारीत त्याने एकदा आम्हाला थांबवून घेतलं आणि पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मडकं उपडं करून वरून जाळ. बाई उकिडव्या बसून शेंगा सोलत म्हणाल्या, "डोरोथीला हे मिळालं असतं तर तिने एक काठी टाकून दिली असती." फाल्गुनात काटेसावरीखाली लाल चिखल व्हायचा फुलांचा, पुढे भाताच्या रोपांसाठी राब भाजल्याचा धूर, मग करवंदं. बाई प्रत्येक ऋतूला शेजारी तिकडचा ऋतू उभा करून दोघांना मार्क द्यायच्या. आपला श्रावण त्यांच्या वसंतावर तीन मार्कांनी मात करायचा. नोव्हेंबरमध्ये आपण हरायचो. नजीरभाई म्हणायचे, "बाई, तुम्ही बेइमानी करता. इकडच्या मच्छरांचे मार्क कापत नाही."

मग एका रविवारी वाटेच्या तोंडाशी सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. बळीराम ओशाळून उभा. जमिनीचा व्यवहार ठरत होता. "जागा मोकली दाखवायची नाय बोलतात, बाय. कुंपन पायजे. मी काय करू?"

 दुसऱ्या दिवशी बाई तहसील कचेरीत गेल्या, मला घेऊन. मी ऑफिसला अर्धी रजा टाकली, कारण नाही म्हणायची मला सवय नव्हती. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "बाई, तुमची जमीन कुठली?"

"माझी नाही."

"मग रस्ता कशाला?"

"चालायला."

"जायचंय कुठे पण?"

"कुठेच नाही. म्हणून तर वाट लागते."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या माहितीच्या अधिकाराच्या फलकाकडे पाहिलं.

नशिबाने नायब तहसीलदार घरत निघाला, बाईंचा विद्यार्थी, माझ्या मागच्या बॅचचा. बाईंना बघताच खुर्चीतून उठला आणि त्याचाही शर्ट खोचला गेला हे मी पाहिलं. मला फार बरं वाटलं. त्याने नकाशे काढले. कागदावर वाट नव्हती.

"पण बाई," तो म्हणाला, "लोक पूर्वापार, विनाअडथळा, हक्काने ये-जा करत होते असं सांगणारे असले, तर वहिवाट म्हणून विचार करता येतो. मी जागेवर येऊन जबाब घेतो. फक्त एक. परवानगी हा शब्द आला की संपलं. विचारून जात होता असं कोणी म्हणालं, म्हणजे वाट मालकाची. तो आज हो म्हणेल, उद्या नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर मी तोपर्यंत कधी न पाहिलेलं काहीतरी आलं. "म्हणजे न विचारणं हाच पुरावा?"

"हो, बाई."

"घरत," त्या म्हणाल्या, "तुला भूगोलात कमी मार्क दिले मी."

शनिवारी संध्याकाळी आमची तोंडी परीक्षा झाली. बाई खुर्चीत, मी आणि नजीरभाई समोर स्टुलांवर.

"चौलकर, तुम्ही कोणाला विचारून जात होता?"

"कोणालाच नाही."

"आवाज!"

"कोणालाच नाही, बाई."

"बाई नाही म्हणायचं, साहेब म्हणायचं. नजीरभाई?"

नजीरभाई म्हणाले, "हुजूर, मी शुगरसाठी चालतो. शुगर कोणाची इजाजत मागते का?"

"पैकीच्या पैकी," बाई म्हणाल्या.

रविवारी सकाळी तारेजवळ घरत, तलाठी, गावातले चार जण, आम्ही. आणि बळीराम, चहाची किटली आणि क्रीमरोलचा पुडा घेऊन. त्याने साहेबांना चहा दिला, तलाठ्याला दिला, मग बाईंना, नजीरभाईंना, मला. "घ्या चौलकरसायेब, गरम हाय." नजीरभाई शुगरचं वाक्य बोलले, सगळे हसले, बळीरामसुद्धा हसला. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी म्हशींचं सांगितलं, गणपतीचं सांगितलं. घरत लिहून घेत होता. जमत आलं होतं. मग तो माझ्याकडे वळला.

"बोला चौलकर. जाताना कोणाला विचारत होता?"

माझ्या एका हातात बळीरामचा चहा, दुसऱ्यात बळीरामचा क्रीमरोल. बळीराम माझ्याकडे बघत होता. आणि मी म्हणालो, "तसं... बळीरामदादांना विचारूनच जायचो आम्ही. परवानगी असायचीच त्यांची. कधी नाही म्हणाले नाहीत."

घरतचं पेन थांबलं. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई नदीकडे बघत होत्या.

पुढे सगळ्यांनी मला माफ केलं. भीड पडली बिचाऱ्याला, चहा हातात होता. नजीरभाई म्हणाले, "शराफतने मारलं तुला." बायको म्हणाली, तुमचा स्वभावच असा. आणि मी ते सगळं मान खाली घालून स्वीकारलं, भिडस्त माणसाला शोभेल असं.

आता खरं सांगतो. बळीरामची भीड मला पडली नव्हती. त्या क्षणी मला पूर्ण शुद्ध होती. शनिवारचा धडा शब्द न् शब्द पाठ होता. मला फक्त रविवारी झोपायचं होतं. एवढंच. वर्षानुवर्षं पहाटे ती बेल, ते गमबूट, ते मार्क. मला मुठे आवडत नाहीत. काटेसावर मला बसमधूनही दिसते. मला रविवारी नऊपर्यंत लोळायचं होतं, मग मटण आणायला जायचं होतं, आणि हे बाईंना सांगायची माझ्यात ताकद नव्हती. एकदा "पाय दुखतायत" म्हणालो तर त्या स्वतः तेलाची बाटली घेऊन आल्या आणि माझ्या पोटऱ्या तपासून "ढोंग" असा निकाल देऊन गेल्या. ते कुंपण दिसलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की बरं झालं. भीड मला बाईंची होती. तिच्यातून सुटायला मी बळीरामची भीड असल्याचं सोंग आणलं.

 परतताना बिल्डिंगच्या फाटकाशी आल्यावर बाई म्हणाल्या, "वाक्य व्याकरणाने बरोबर होतं. उच्चारही स्पष्ट. फक्त खोटं होतं." आणि जिना चढून गेल्या.

बाईंचा अर्ज फेटाळला गेला. पुढच्या रविवारी बेल वाजली नाही. मी नऊपर्यंत झोपलो. लाज वाटते सांगायला, पण छान लागली झोप. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी मात्र पहाटेच जाग आली. वरून पावलं उतरत आली. आमच्या दारापाशी आली, थांबली नाहीत, खाली गेली.

बाई आता लांबून जायच्या. हायवेच्या कडेने, बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या धुळीतून, पुलाखालून, मग नदी. दुप्पट चाल. नजीरभाई सांगायचे, "ट्रक हॉर्न देतो आणि बाई त्याला मार्क देतात. सगळे मायनस."

जिंकून बसलेला बळीराम सगळ्यात दुःखी. व्यवहार रेंगाळला होता, शेत तसंच होतं. त्याने तार कापून तिथे एक छोटं लोखंडी फाटक बसवलं, हिरवा रंग दिला, आणि एक दिवस माझ्या ऑफिसात आला. "सायेब, बायना सांगा ना. मी सोता सांगला, बाय, कवा पन येवा, माजी कायमची परवानगी हाय. तर मना काय बोलल्या ठाव हाय? बोलल्या, बळीराम, चहाला बोलव, येईन. जेवायला बोलव, येईन. वाटेवर बोलवू नकोस." त्याचे डोळे भरले होते. "मी काय वायट केला, सांगा."

 त्या संध्याकाळी मी वरच्या मजल्यावर गेलो, बऱ्याच दिवसांनी.

"बाई, फाटक केलंय त्याने. तीच वाट, तीच नदी. काय फरक पडतो?"

बाई सोडे निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चौलकर, मी वडिलांना विचारून शिकले. भावाला विचारून नोकरी धरली. हेडमास्तरांना विचारून आजारी पडले. भावाच्या घरात रात्रीचा दिवा किती वाजेपर्यंत लावायचा हेसुद्धा विचारलंय मी. तिकडे त्या चिखलात मला पहिल्यांदा कोणी काही विचारलं नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. डोरोथीच्या मागून चालत होते आणि रडत होते. ती म्हणाली, वारा फार आहे नाही? मी म्हटलं, हो." त्यांनी एक सोडा नाकाशी धरला, टाकून दिला. "आता या वयात परत रजेचा अर्ज लिहू?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. झोपेचं. त्या म्हणाल्या, "जाताना दार ओढून घे. मांजर येतं." मी दार ओढून घेतलं.

त्यानंतर बाई जिन्यात दिसल्या, भाजीवाल्याशी वाद घालताना दिसल्या, शेवटी हॉस्पिटलातही दिसल्या, नळ्या लावलेल्या, नर्सला आडनाव विचारताना. पण शेवटचं बघणं म्हणून मी तो जानेवारीतला रविवार धरतो.

मी मटण आणायला स्कूटरवरून निघालो होतो. शेतांच्या बाजूने गेलो, का ते विचारू नका. वालाची फुलं आली होती. फाटकापाशी बाईंबरोबर नजीरभाई दिसले. ते कडी काढून सरळ आत गेले, पलीकडे उभे राहिले आणि बाईंची पिशवी हातात घेऊन अदबीने पाठ फिरवली. नंतर मला म्हणाले, मी दुकानदार माणूस, मला इजाजत चालते. फाटक त्यांनी पुन्हा लावून घेतलं होतं. बाईंनीच लावायला सांगितलं असणार.

मग बाई फाटकावर चढल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई, गमबूट घालून, एकेक आडवी पट्टी पकडत. वर पोचल्या आणि तिथेच अडकल्या. एक पाय इकडे, एक तिकडे, कमीज कुठेतरी गुंतलेली, छत्री काखेत. फाटक हलत होतं.

शेडमधून बळीराम धावत आला. "बाय! ओ बाय! कडीला कुलूप नाय! नुसती लोटा!"

"माहीत आहे मला!" बाई वरून ओरडल्या.

"मग वर कनाला चरल्या?"

"तू परवानगी दिली आहेस ना आत यायची? फाटकातून? मी फाटकातून येत नाहीये. तू मला अडव."

"मी कनाला अडवू?"

"मग गप्प राहा!"

 तेव्हा बाईंनी मला पाहिलं. स्कूटर चालूच होती, एक पाय जमिनीवर टेकून मी रस्त्यात उभा. तिथूनच, त्या उंचीवरून, अख्ख्या शेताला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "काय रे चौलकर, झोप झाली का?"

 त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. कमीज फाटल्याचा आवाज आला, त्या पलीकडे उतरल्या, तोल सावरला, नजीरभाईंकडून पिशवी घेतली आणि बांधावरून चालायला लागल्या.

बळीराम माझ्याजवळ आला. "सायेब, कडी घट्ट झालीय काय? मना तर चालते." त्याने कडी काढली, लावली, परत काढली, फाटक उघडून बंद करून बघितलं. तोवर बाई वालाच्या शेतापलीकडे गेल्या होत्या, आणि त्यांच्या मागून चालणारे नजीरभाई काहीतरी ऐकून एवढ्या जोरात हसले की बांधावरचे बगळे उडाले.